पडद्याची सनद

सिनेमा हा समाजाचा आरसा आहे, असे म्हणण्याची आपल्याकडे रूढीच पडून गेली आहे. शाळेतल्या निबंधापासून पुरस्कार सोहळ्यातल्या भाषणापर्यंत हे वाक्य ऐकू येते आणि ऐकणारे माना डोलावतात. मला ते मान्य नाही. आरसा समोर असेल ते दाखवतो आणि समोरचा हलला की विसरतो. समोर कोण आले हे बघून तो उजेड हिरवा करीत नाही, मागे अजान लावत नाही, डोळ्यांत सुरमा घालत नाही. सिनेमा हे सगळे करतो. तरीही त्याला आरसा म्हणायचे, कारण त्यात एक सोय आहे. चेहऱ्याने तक्रार केली तर म्हणता येते, तुझे तोंडच तसे असेल तर आरशाने काय करावे?

या वाक्याला एक जुळे भावंडही आहे. 'अहो, शेवटी सिनेमाच तो! इतके मनावर काय घेता?' तिकीट विकताना पहिले वाक्य, तक्रार आली की दुसरे. जाहिरातीत 'सत्य घटनेवर आधारित' हे ठळक अक्षरांत येते आणि चित्रपट सुरू होताना बारीक अक्षरांची पाटी येते, की यात कल्पनेचे स्वातंत्र्य घेतले आहे, साम्य आढळल्यास योगायोग समजावा. हकीकत म्हणून विकायचे आणि अफसाना म्हणून सुटायचे, असा हा दुहेरी व्यवहार आहे. या दोन्ही वाक्यांना एकाच वेळी नकार दिल्याशिवाय सिनेमा आणि वास्तव यांच्या नात्याबद्दल आपल्याला, विशेषतः आपल्यासारख्या मुसलमानांना, शहाणपणाने काही बोलता येणार नाही, असे माझे म्हणणे आहे.

आरशाचा दावा सिनेमाच्या जन्मापासूनच फसलेला आहे. ल्युमिए बंधूंनी डिसेंबर १८९५ मध्ये पॅरिसला आपला पहिला जाहीर खेळ केला. त्यात त्यांच्याच कारखान्यातून कामगार बाहेर पडतात, असे एक छोटे चित्रण होते. याहून साधे वास्तव कोणते असणार? पण या चित्रणाच्या तीन आवृत्त्या आज पाहायला मिळतात. एकीत एक घोडा आहे, दुसरीत दोन, तिसरीत एकही नाही. म्हणजे कामगारांना कॅमेऱ्यासाठी पुन्हा पुन्हा बाहेर पडायला लावले होते. आपल्याकडे १९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा राणी तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुष नटाने केले. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाची गोष्टसुद्धा सोंगाशिवाय सांगता आली नाही. यात फाळक्यांचा काही दोष नाही. कलेला सोंग लागतेच. प्रश्न सोंगाचा नाही, सोंग घेऊन वर शपथ खाण्याचा आहे.

१९२२ सालचा 'नानूक ऑफ द नॉर्थ' हा माहितीपटांचा पूर्वज मानला जातो. त्यात उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशातला इनुइट शिकारी भाल्याने शिकार करताना दिसतो. प्रत्यक्षात ते लोक तोवर बंदुका वापरू लागले होते. बर्फाच्या घरात चित्रणापुरता उजेड मिळेना, म्हणून एका बाजूने उघडे असे घर बांधून घेण्यात आले. त्या शिकाऱ्याचे खरे नावही नानूक नव्हते. दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टी यांना तो माणूस 'अस्सल' दिसायला हवा होता. दुसऱ्याच्या अस्सलपणाचा साचा आधी आपल्या डोक्यात तयार करायचा आणि मग जिवंत माणसाला त्यात कोंबायचे, ही रीत आपल्या ओळखीची नाही काय? हिंदी पडद्यावरचा मुसलमान असाच घडला. कधी तो लखनौचा नवाब होता, कधी कोठ्यावरचा शायर, कधी 'शोले'तल्या इमामसाहेबांसारखा सोसून सोसून पवित्र झालेला म्हातारा आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तो बंदूकवाला झाला. हातात वही किंवा पाना घेऊन एस.टी.ची वाट बघत उभा असलेला मुसलमान मात्र दिग्दर्शकांना 'अस्सल' वाटला नाही.

मग हे साचे आपल्याला पटतात कसे? फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी १९४५ साली छायाचित्राच्या स्वरूपावर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की चित्रकाराच्या चित्रात चित्रकार मध्ये उभा असतो. छायाचित्र मात्र वस्तूवरून आलेल्या प्रकाशानेच उमटते, बोटाच्या ठशासारखे. म्हणून मनाला ते पटवून द्यावे लागत नाही. बाझँ हे कौतुकाने सांगतात. मला त्यात धोकाही दिसतो. पडद्यावरचा घोडा खरा असतो, पाऊस खरा असतो, नटाचा घाम खरा असतो. या खऱ्याच्या पाठीवर बसून खोटे आपल्या घरात शिरते. कादंबरीत 'तो क्रूर होता' असे वाचले तर आपण विचारू शकतो, कशावरून? पडद्यावरचा क्रूरपणा आपण डोळ्यांनी पाहिलेला असतो. डोळ्यांनी पाहिलेल्याला माणूस पुरावा मागत नाही.

'सिनेमाच तो' म्हणणाऱ्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९७० चा एक निकाल आठवावा. ख्वाजा अहमद अब्बास यांनी मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतली श्रीमंती आणि दैन्य दाखवणारा एक माहितीपट केला होता. त्यातल्या वेश्यावस्तीच्या दृश्यांवरून सेन्सॉर मंडळ अडून बसले आणि अब्बास न्यायालयात गेले. निकाल लिहिला सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी. त्यांनी सेन्सॉरची पद्धत ग्राह्य ठरवली आणि कारण दिले, की दृश्य आणि आवाज एकत्र आल्याने चित्रपट भावना जितक्या खोल ढवळतो तितक्या इतर कुठलीही कला ढवळत नाही. सेन्सॉरच्या बाबतीत माझी सहानुभूती अब्बास यांच्याकडे आहे. पण 'सिनेमाच तो' हा बचाव त्याच दिवशी निकालात निघाला, एवढे तरी मान्य व्हावे. आम्हा शिक्षकांना बी.एड.ला एडगर डेल यांचा अनुभवाचा शंकू घोकावा लागतो. नुसता शब्द टोकावर, अनुभवापासून सर्वांत दूर. चित्रपट त्याच्या बराच खाली, प्रत्यक्ष अनुभवाच्या जवळ. वर्गात दृक्-श्राव्य साधने वापरा, मुले विसरत नाहीत, असे आम्हाला शिकवतात. मग चित्रपटगृहात तीन तास बसलेली मुले जे पाहतात तेवढेच ती विसरतील, हे कोणत्या शास्त्रात बसते?

रशियात शंभर वर्षांपूर्वी लेव्ह कुलेशोव्ह यांनी केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या थाळीपुढे, कधी शवपेटीपुढे जोडला. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात एकदा भूक दिसली, एकदा दुःख. हा प्रयोग मी माझ्या उर्दू माध्यमाच्या आठवीच्या वर्गात गरिबीने करून पाहिला. मासिकातून कापलेला एका दाढीवाल्या वृद्धाचा फोटो घेतला. शेजारी शीरखुर्म्याच्या वाडग्याचे चित्र ठेवले. मुले म्हणाली, दादाजान मेहमानांची वाट बघतायत. मग जनाज्याचे चित्र ठेवले. मुली हळूच म्हणाल्या, यांचा मुलगा वारला असेल. तिसऱ्यांदा पोलिसांची गाडी ठेवली. वर्ग क्षणभर गप्प झाला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, ये तो दहशतगर्द होंगा." सगळे हसले. त्या मुलाचे स्वतःचे आजोबा अगदी तशीच दाढी राखतात, रोज त्याला शाळेत सोडायला येतात. त्या मुलाला हे कुणी शिकवले? घराने नाही, मशिदीने नाही, शाळेने नाही. ज्यांना वाटते की पडद्यावरचे साचे फक्त 'त्यांच्या' मनात जातात, त्यांनी हे लक्षात घ्यावे. आपली मुलेही आपल्याकडे त्याच चौकटीतून पाहायला शिकली आहेत.

याच्या पुढची पायरी म्हणजे चित्राने वास्तवाची जागाच बळकावणे. १९१७ च्या रशियन क्रांतीला दहा वर्षे झाली त्या निमित्ताने सर्गेई आयझेनस्टाइन यांनी 'ऑक्टोबर' काढला. हिवाळी राजवाड्यावरचा हल्ला त्यांनी प्रचंड जमाव घेऊन चित्रित केला. मूळ घटना त्यामानाने किरकोळ होती. पुढे याच चित्रपटातली दृश्ये क्रांतीची खरी छायाचित्रे म्हणून छापली गेली. आपल्याकडे इतकी वाट पाहावी लागत नाही. १४ फेब्रुवारी २०२५ ला 'छावा' प्रदर्शित झाला. मार्चमध्ये मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडाच्या परिसरात, लोक रात्री बॅटऱ्या घेऊन शेते खणू लागले. इथे मोगलांचे सोने पुरलेले आहे असा बोलबाला चित्रपटामुळे झाला होता. आपण हसतो. पण त्याच महिन्यात, १७ मार्चला, नागपुरात हिंसाचार झाला आणि दुसऱ्या दिवशी विधानसभेत मुख्यमंत्र्यांनीच सांगितले, की 'छावा'नंतर औरंगजेबाविरुद्ध लोकांच्या भावना पेटल्या आहेत. त्या हिंसाचाराला इतरही कारणे होती. अफवा होत्या आणि अफवेच्या नादी लागणाऱ्यांत आपलेही लोक होते. पण राज्याचा प्रमुख सभागृहात जे कारण नोंदवतो त्याला 'सिनेमाच तो' म्हणून बाजूला कसे सारायचे?

गैरसमज नको. औरंगजेबाने १६८९ साली संभाजीराजांना हालहाल करून मारले, हा इतिहास आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. महाराष्ट्रातल्या अत्तार, तांबोळी, बागवान, मुलाणी, शिकलगार यांनी औरंगजेबाचे वकीलपत्र घ्यायचे काही कारण नाही. बादशहाने त्यांच्या नावे ना जमीन ठेवली ना कर्ज. माझा आक्षेप क्रूरपणा दाखवण्याला नाही. 'आम्ही फक्त घडले ते दाखवले' या दाव्याला आहे, कारण हा दावा करणारेच तो कसा सोडतात हे आपण पाहिले आहे. प्रदर्शनाआधी 'छावा'ची झलक आली तेव्हा संभाजीराजांना लेझीम खेळताना दाखवले म्हणून आक्षेप आला. दिग्दर्शकाने ते दृश्य काढले. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी फितुरीच्या चित्रणाला हरकत घेतली. दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. २०१८ मध्ये 'पद्मावत'चे नावच विरोधामुळे 'पद्मावती'वरून बदलले गेले. म्हणजे पडद्यावरचे सत्य वाटाघाटीने ठरते. आरशाशी कुणी वाटाघाट करते काय? ज्याच्या पाठीशी माणसे आहेत त्याचे प्रतिबिंब दुरुस्त होते. अल्लाउद्दीन खिलजी मात्र मांसाचे लचके तोडत राहिला, कारण त्याच्या वतीने बोलायला कुणी वारस नव्हता. आणि तो तोडत असलेला प्रत्येक लचका आजच्या शेजाऱ्याच्या ताटात मोजला गेला.

यावर आपल्या परंपरेत एक हत्यार आहे, जे आपण कपाटात ठेवून विसरलो. हदीसच्या अभ्यासकांनी एक शिस्त घालून दिली. रिवायत कितीही सुंदर असो, आधी तिची सनद पाहायची. हे कुणी सांगितले? त्याने कुणाकडून ऐकले? ते दोघे एकमेकांना भेटले होते काय? सांगणारा राहावी विश्वासू आहे काय? साखळीतली एक कडी तुटली की रिवायत जईफ, आणि रचून सांगितलेली असेल तर मौजू, मग ती कितीही पवित्र गोष्ट सांगत असो. सूरह हुजुरातमध्ये तर आलेल्या बातमीची शहानिशा करण्याची सरळ ताकीद आहे, नाहीतर अजाणता कुणावर अन्याय होईल. मी म्हणते, हीच कसोटी सिनेमाला लावा. 'पद्मावत'ची सनद पाहा. चितोडचा वेढा १३०३ चा. मलिक मुहम्मद जायसी या सूफी कवीने काव्य रचले १५४० मध्ये. मध्ये २३७ वर्षे. चितोडच्या मोहिमेत स्वतः हजर असलेले अमीर खुसरो पद्मिनीचे नावही घेत नाहीत. साखळी इथेच तुटली. ते काव्य म्हणून थोर आहे. साक्ष म्हणून नाही.

दुसरे उदाहरण 'द केरला स्टोरी'चे. त्याच्या झलकीत केरळमधल्या ३२,००० स्त्रियांचा आकडा सांगितला गेला. राहावी कोण? सनद कुठे? गोष्ट न्यायालयात गेली तेव्हा ३२,००० चे तीन झाले. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे निर्मात्यांना कबूल करावे लागले, की या आकड्याला अधिकृत आधार नाही आणि चित्रपट म्हणजे घटनांचे काल्पनिक रूप आहे, अशी पाटी लावू. पाटी लागली. पण पाटी वाचायला चित्रपटगृहात कोण जाते? आकडा तोवर गावोगाव पोहोचला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये याच चित्रपटाला उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला. न्यायालयात अफसाना, बाजारात हकीकत आणि दरबारात खिलत. दुहेरी व्यवहाराचे याहून स्वच्छ उदाहरण मला सापडत नाही.

आता आपल्याकडे वळू, कारण कसोटी दोन्हीकडे सारखी लागली पाहिजे. १९६० च्या 'मुघल-ए-आझम'वर आपण जीव टाकतो. अकबराचा काळ तसाच होता, असे मानून चालतो. अबुल फजल यांच्या लिखाणात अनारकली नाही, जहांगीरच्या आत्मचरित्रात नाही. आपल्याला त्याचे काही वाटत नाही, कारण तिथे आपण देखणे दिसतो. देखणे दिसलो की इतिहास आणि कुरूप दिसलो की कारस्थान, हा दुहेरी व्यवहार आपलाही आहे. दुसरा आपला आजार म्हणजे बंदीची मागणी. २०१५ मध्ये इराणच्या माजिद मजीदी यांनी पैगंबरांच्या बालपणावर श्रद्धेने केलेल्या चित्रपटाविरुद्ध मुंबईतून फतवा निघाला. त्यात केवळ संगीत देणारे ए. आर. रहमानही सुटले नाहीत. चित्रपट पाहण्याआधीच निवाडा! सनद तपासण्याची शिस्त ज्यांनी जगाला दिली त्यांचे वारस असे वागू लागले, तर 'द केरला स्टोरी'वाल्यांना आपण कोणत्या तोंडाने शहानिशा मागणार?

तिसरी चूक जास्त सूक्ष्म आहे. वाईट मुसलमानाला उत्तर म्हणून आपण चांगला मुसलमान मागतो. देशासाठी छातीवर गोळी झेलणारा, मंदिराला वर्गणी देणारा, कधीही न चिडणारा. पण तोही साचाच. नानूकच्या हातातला भाला काढून आपण त्याच्या हातात फूल दिले, एवढाच फरक. चित्रपटाने वास्तवाची हुबेहूब नक्कल करावी, असेही माझे म्हणणे नाही. २००७ च्या 'चक दे इंडिया'मागे हॉकीचे गोलरक्षक मीर रंजन नेगी यांची कहाणी होती. १९८२ च्या एशियाडमध्ये पाकिस्तानकडून झालेल्या पराभवानंतर त्यांच्यावर संशय घेतला गेला. चित्रपटात हा खेळाडू कबीर खान झाला. तपशील बदलला, पण बदलाने जे उघडे केले ते खरे होते. हरल्यावर कुणाच्या निष्ठेची मोजणी सर्वांत आधी सुरू होते, हे प्रत्येक मुसलमान पोराला क्रिकेटच्या मैदानावर कळलेले असते. म्हणून कल्पनेला माझा विरोध नाही. कल्पनेने वास्तवातला लपलेला कोपरा उजेडात आणला की उघड्या माणसावर पडदा टाकला, एवढेच मी विचारते.

या कसोटीवर मराठी मुसलमानाची गैरहजेरी सर्वांत बोचते. पडद्यावरचा मुसलमान 'जनाब' आणि 'बरखुरदार' म्हणतो. चिपळूणचा कोकणी मुसलमान काय बोलतो, बार्शीचा बागवान गिऱ्हाइकाशी कसा भांडतो, सांगलीची तांबोळी बाई जात्रेत काय विकते, हे कॅमेऱ्याच्या गावीही नाही. असे नेहमीच नव्हते. प्रभातच्या व्ही. शांताराम यांनी १९४१ मध्ये 'शेजारी' काढला. एक हिंदू, एक मुसलमान, दोघे म्हातारे, एक गाव आणि मध्ये आलेले धरण. त्याच्या 'पडोसी' या हिंदी आवृत्तीत मिर्झाचे काम गजानन जागीरदारांनी केले आणि ठाकूरचे मजहर खान यांनी. हिंदू नट मुसलमान झाला, मुसलमान नट हिंदू झाला आणि कुणाच्या दाढीमिशीने कथा अडली नाही. त्यानंतर पाऊण शतकाने, २०१६ मध्ये, नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मध्ये अरबाज शेख या मुलाने केलेला सल्या आला. सलीम शेख त्याचे नाव. तो परशाचा दोस्त आहे, करमाळ्याकडच्याच मराठीत बोलतो, दोस्तासाठी धावतो, मार खातो. त्याला ना निष्ठा सिद्ध करायची आहे ना कुणाला उडवायचे आहे. तो मुसलमान आहे, हे चित्रपटाला ठाऊक आहे आणि त्याचे भांडवल करायची त्याला गरज वाटत नाही. मला वास्तव म्हणायचे ते हे. एका सल्याने माझ्या वर्गातल्या मुलांना जेवढे दिले, तेवढे दहा आदर्श मुसलमानांनी दिले नसते.

१९९० च्या सोलापूरच्या संमेलनापासून आपण साहित्यात एक गोष्ट सांगत आलो आहोत, की आमचे जगणे आम्ही आमच्या मराठीत लिहू, कुणाच्या उसन्या नजरेने नाही. पडद्याच्या बाबतीत हा निर्धार अजून व्हायचा आहे. आज खिशातल्या मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. लग्नातले फोटो काढण्यापलीकडे त्याचा उपयोग आपल्या पोरांना कुणी दाखवला नाही. आपल्या कथाकारांनी पटकथा लिहायला हवी. आपल्या शाळांनी, उर्दू असोत की मराठी, मुलांना कविता शिकवतात तसा चित्रपट वाचायला शिकवायला हवा. कॅमेरा कुठे ठेवला, काय वगळले, उजेड कुणावर टाकला, आवाज कधी चढवला, हे ओळखायला आठवीतले मूल पुरेसे मोठे असते.

मुलांना सिनेमा पाहू द्या, भरपूर पाहू द्या. बंदी मागू नका आणि टाळ्याही उधार देऊ नका. फक्त घरी आल्यावर त्यांना दोन प्रश्न विचारायची सवय लावा. हे तुला कुणी सांगितले? आणि त्याला कुणी सांगितले?